पेशींची आवणी

डोंबिवली-कल्याणकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. जपानी शास्त्रज्ञांनी मेंदूत नव्या पेशी घालून पार्किन्सन्स बरा केला, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘स्टेम सेल उपचारांसाठी संपर्क साधा’. यातली बातमी अर्धीमुर्धी खरी आहे. त्या नंबरचा मात्र बातमीशी काडीचा संबंध नाही.

आधी आजाराबद्दल. ओळखीतले एक काका डोंबिवली पूर्वेला राहतात. प्लॅटफॉर्मवर सपाट चालता चालता त्यांचे पाय एकदम जमिनीला चिकटतात. मागून लोंढा येतो, लोक ‘चला काका, चला’ म्हणून ओरडतात, काका जागचे हलत नाहीत. हेच काका पुलाचा जिना मात्र भराभर चढून जातात. न कळणाऱ्याला वाटतं, नाटकं करतायत. पण त्यांच्या आजाराची खूणच ती आहे. आपण न ठरवता जे चालतो, त्याची सूत्रं मेंदूच्या आतल्या भागात हलतात आणि तिथे डोपामिन लागतं. जिन्याची पायरी समोर दिसली की डोळ्यांच्या आधाराने दुसरी वाट वापरली जाते आणि पाऊल उचललं जातं. म्हणून काकू त्यांना घरात फरशीच्या रेघा ओलांडत चालायला लावतात. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली युक्ती आहे ती.

डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यात असतात. हात थरथरू लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा मेलेल्या असतात. उरलेल्यांवर भागत नाही म्हणून लेव्होडोपा, म्हणजे घरोघरची सिंडोपा. हे औषध १९६७ पासून नावारूपाला आलं आणि आजही त्याच्या तोडीचं दुसरं नाही. आपल्या डोंगरांत पावसाळ्यानंतर अंगाला लागली की आग करणारी खाजकुयली असते ना, तिच्या बियांत हेच द्रव्य आहे. १९३७ सालीच भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं केलं होतं आणि १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवरच्या वापराचा निबंध प्रसिद्ध केला होता. (म्हणून सिंडोपा चालू असताना डॉक्टरांना न सांगता वर या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं, चूर्ण घेऊ नये, डोस नकळत वाढतो.) काही वर्षांनी गोळीची गंमत संपते. दोन डोसांच्या मध्येच ती ‘उतरते’, किंवा चढली की अंग नको तसं वळवळायला लागतं.

मग मेलेल्या पेशींच्या जागी नव्या का लावू नयेत? १९८७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे हे करून पाहिलं गेलं. गर्भपातानंतर मिळालेल्या भ्रूणांच्या मेंदूतला कोवळा भाग घेऊन तो रुग्णाच्या मेंदूत सोडला. काही रुग्णांना खरोखर बरं वाटलं. लावलेल्या पेशी वर्षानुवर्षं तगल्या. जगभर आशा वाढली.

पुढे अमेरिकेत याची कसून परीक्षा झाली, आणि मला या सगळ्या कहाणीत तीच सर्वांत मोलाची वाटते. चाळीस रुग्ण. निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या. उरलेल्यांच्या कवटीला फक्त भोकं पाडली, आत काही घातलं नाही. कोणाला काय मिळालं, ते रुग्णालाही माहीत नव्हतं. निकाल २००१ मध्ये आला. तरुण रुग्णांना थोडा फायदा, वयस्करांना जवळपास नाही. आणि पेशी मिळालेल्यांतल्या सुमारे १५ टक्के लोकांना पुढे अनावर हालचाली सुरू झाल्या, गोळ्या बंद केल्या तरी न थांबणाऱ्या. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. रोपणानंतर अकरा ते सोळा वर्षांनी मरण पावलेल्या काही रुग्णांचे मेंदू तपासले, तर लावलेल्या तरुण पेशींतही पार्किन्सन्सचे डाग होते. जुन्या जमिनीतला रोग नव्या रोपांना लागला होता.

भोकं पाडून काहीच न घालणं क्रूर वाटतं. पण ‘ऑपरेशननंतर बाबांचा हात सुधारला’ या वाक्यातली सुधारणा पेशींची की आशेची, हे ओळखायला दुसरी वाट सापडलेली नाही. पार्किन्सन्समध्ये नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन सुटतं.

जपानची बातमी इथून पुढची आहे. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी साध्या पेशींना मागे नेऊन पुन्हा भ्रूणासारखं कोवळं करता येतं, हे २००६ मध्ये उंदरांत आणि पुढच्या वर्षी माणसांत दाखवलं. २०१२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. अशा कोवळ्या पेशी, म्हणजे स्टेम सेल, प्रयोगशाळेत वाढवून डोपामिन पेशी होण्याच्या बेताला आल्या की मेंदूत लावायच्या. मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल: भाताच्या आवणीला बी चालत नाही आणि जून झालेलं रोपही चालत नाही, राबातलं रोप नेमक्या वयाचं लागतं. फार कोवळ्या पेशी गेल्या तर त्या वाटेल तशा वाढून गाठ होण्याची भीती, पूर्ण पिकलेल्या गेल्या तर त्या तग धरत नाहीत.

क्योटोमध्ये सात रुग्णांवर हे झालं. एप्रिल २०२५ मध्ये निकाल छापून आले. गाठ झाली नाही, आणि दोन वर्षांनी तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचाली गोळी नसतानाही सुधारलेल्या दिसल्या. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या बारा रुग्णांचा अहवाल आला, तोही आश्वासक. पण दोन्हीकडे तुलनेसाठी नुसती भोकं पाडलेला गट नव्हता. म्हणजे २००१ ची परीक्षा अजून द्यायची आहे. अमेरिकी गटाच्या पुढच्या चाचणीत १०२ रुग्ण आणि खोटी शस्त्रक्रिया, दोन्ही आहेत. ‘बरा केला’ हे शब्द त्या संशोधकांनी वापरलेले नाहीत, ते आपल्या ग्रुपवर कोणीतरी घातले.

चेतापेशींच्या आजारांत दुसरी आशा जनुकोपचाराची, पण त्याची वाट वेगळी. तिथे पेशी बदलत नाहीत. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर चांगलं जनुक बसवून पेशीत पोहोचवतात. महाराष्ट्राला हे कळलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. अंधेरीच्या एका तान्ह्या मुलीला एसएमए हा आजार होता. त्यात मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. औषध झोलजेन्स्मा, एकच डोस, किंमत १६ कोटी. लोकांनी पैसे जमवले, केंद्राने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला आणि हिंदुजा रुग्णालयात औषध दिलं गेलं. घाई का, तर मेलेली चेतापेशी जनुकाने परत येत नाही. जेवढ्या उरल्यात तेवढ्याच वाचतात. थेट मेंदूत सोडायचं औषधही आता आहे. एएडीसीच्या कमतरतेच्या दुर्मीळ आजारात मूल मानसुद्धा धरू शकत नाही. त्यावरचा जनुकोपचार युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. आपल्याकडे दुर्मीळ आजारांच्या केंद्रांपैकी एक परळचं केईएम आहे, कल्याणच्या माणसाला लोकलने गाठता येणारं. सरकारी मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख झाली. १६ कोटींपुढे ती किती, हे सांगायला नको.

आता त्या मोबाइल नंबरकडे. तिथे बहुधा सांगतात की रुग्णाच्याच कमरेच्या हाडातली मज्जा (बोन मॅरो) काढून तिच्यातल्या पेशी पाठीच्या कण्यात सोडू. वर वर्णिलेल्या रोपणाशी याचं नावापुरतंच साम्य आहे. मज्जेतल्या पेशी रक्त बनवायला जन्मलेल्या. पाठीच्या पाण्यात सोडल्याने त्या मध्यमेंदूत जाऊन डोपामिनच्या पेशी बनत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडलं, तर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही, फक्त मंजूर चाचणीत देता येतो. स्वमग्न मुलांसाठीही तो देऊ नये, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. तरीही ‘चाचणी’ म्हणून लाखभर रुपये सांगणारे भेटतात. दागिने मोडून जाणाऱ्या घरांना मी दोष देत नाही. डॉक्टरांनी ‘आता काही करता येणार नाही’ म्हटल्यावर माणूस कुठेही जातो. राग येतो तो पैसे घेणाऱ्यांचा.

ओळखायची रीत अवघड नाही. भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर व्हावी लागते आणि ती कोणालाही फुकट बघता येते. नंबरवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या चाचणीत तपासायच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, उलट इजा झाली तर भरपाई आणि उपचार देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. २०१९ च्या नियमांत ते लिहिलेलं आहे. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत असावं लागतं, तेव्हा ते मराठीत मागा. लगेच सही करू नका. घरी न्या, रात्री जेवणं झाल्यावर चारजणांत मोठ्याने वाचा आणि अडलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.