हात, तळवा, बोट : पिरॅमिडमधला पाय आला कुठून?

मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांनी सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न असा, की गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये पाय दडलेला आहे हे खरं का? पाय म्हणजे गणितातला, २२/७ वाला. गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर खरोखर हाताशीच आहे.

आधी मापं पाहू. इजिप्तचा शाही हात सुमारे ५२.३ ते ५२.५ सेंटिमीटरचा. त्याचे सात तळवे. तळवा म्हणजे अंगठा सोडून चार बोटांची रुंदी, म्हणजे एका शाही हातात २८ बोटं. याशिवाय एक धाकटा हात होता, सहा तळव्यांचा, २४ बोटांचा. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला हस्तही २४ अंगुलांचाच. त्यावरून लगेच कुणी कुणाकडून उचललं याचा वाद घालू नये. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माणसाचा हात साधारण २४ बोटं भरतोच, घरी मोजून बघा. चमत्कारिक आहे तो हा वरचा सातवा तळवा. तुतनखामेनचा खजिनदार माया याची मोजपट्टी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, ती अशीच सात तळव्यांची.

आता उतार. आपण उतार अंशांत सांगतो. ते सांगत असत, की एक हात वर चढलं म्हणजे किती तळवे आत सरकायचं. या मापाला ते सेकेड म्हणत. गवंड्याला काठी आणि ओळंबा असला की पुरे, कोनमापक लागत नाही. फक्त इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू : उंची हातात आणि सरकणं तळव्यांत, म्हणून प्रत्येक उतारात सात हा आकडा न बोलावता येऊन बसतो.

खुफूच्या पिरॅमिडचा पाया एका बाजूला ४४० हात आणि उंची २८० हात धरतात. अर्धा पाया २२०. २८० हातांना २२० हात आत, म्हणजे एका हाताला साडेपाच तळवे. सेकेड साडेपाच. आता परिमिती काढू : ४४० चोक १७६०. तिला २८० ने भागलं की ४४/७ येतात, म्हणजे २२/७ ची दुप्पट. वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचं गुणोत्तर! इथे लोकांचा श्वास अडकतो. पण परिमिती म्हणजे अर्ध्या पायाची आठपट, आणि अर्धा पाया भागिले उंची म्हणजे साडेपाच सप्तमांश. आठ गुणिले साडेपाच, चव्वेचाळीस, खाली सात. झालं. हा सात हाताच्या सात तळव्यांचा. साडेपाचचा उतार निवडणाऱ्याने जन्मात एकही वर्तुळ काढलं नसतं तरी २२/७ आलाच असता. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचा सेकेड सव्वापाच. तिथे हेच गुणोत्तर बरोबर सहा येतं. तिथल्या पायबद्दल कुणी बोलत नाही.

यावर कुणी म्हणेल, साडेपाच मुद्दामच निवडला असेल. म्हणू द्या. मग त्यांच्या वह्या उघडू. अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवलेला ऱ्हिंड पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं ५० वं गणित गोल शेताचं : व्यास ९, क्षेत्रफळ ६४. रीत अशी, की व्यासाचा नववा भाग सोडायचा आणि उरलेल्याचा वर्ग करायचा. त्यातून पाय निघतो २५६/८१, म्हणजे ३.१६०५ च्या आसपास. २२/७ चा तिथे मागमूस नाही. पुढे ५६ व्या गणितापासून पिरॅमिडचे सेकेड येतात, त्यांत वर्तुळाचं नाव नाही. हा पपायरस खुफूनंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिलेला आहे, तेव्हा तो शेवटचा शब्द नव्हे. पण दुसऱ्या बाजूला कागदाचा कपटासुद्धा नाही.

आकडा वस्तूत सापडणं आणि तो कुणी तिथे ठेवलेला असणं, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या दृष्टीने दोन वेगळे प्रश्न. पहिल्याला मोजपट्टी पुरते. दुसऱ्याला करणाऱ्याची रीत, त्याची हत्यारं, त्याची भाषा लागते. हा फरक विसरल्यामुळे चार्ल्स पियाझी स्मिथ यांच्यासारखा स्कॉटलंडचा राजज्योतिषी १८६४ साली 'पिरॅमिड इंच' घेऊन बसला. ते तपासायला फ्लिंडर्स पेट्री १८८० मध्ये गिझाला गेला, नीट मोजणी केली, आणि तो इंच मोडीत निघाला. हल्ली शाही हात म्हणजे पाय भागिले सहा मीटर असंही ऐकू येतं. आकडा जुळतो, ०.५२३६. पण मीटर जन्माला आला फ्रान्समध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीस. खुफूचा गवंडी तो कुठून आणणार?

मग या मापांत गणित काहीच नाही? आहे, आणि ते आम्हाला पायपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. रेमेन नावाचं एक माप होतं, पाच तळव्यांचं, २० बोटांचं. शाही हाताच्या चौरसाचा कर्ण काढला तर ३९.६ बोटं येतो, म्हणजे जवळपास दोन रेमेन. दुसऱ्या शब्दांत, रेमेनचा चौरस हाताच्या चौरसाच्या निम्मा : ४०० आणि ७८४. हाही योगायोगच, असं म्हणता आलं असतं. पण जमिनीच्या मापात शंभर हात बाजूचा चौरस म्हणजे एक सेचात, आणि अर्ध्या सेचातला इजिप्तचे लेखनिक नाव देतात रेमेनच. रेमेन म्हणजे बाहू, खांदा. त्यामुळे शब्द 'एक बाजू' म्हणून 'अर्धा' या अर्थाला गेला असणंही शक्य आहे. तरी इथे निदान त्यांचा स्वतःचा शब्द साक्षीला उभा आहे. शेत निम्मं करताना या हिशोबात शेकड्याला दोनचा फरक पडतो, आणि नाईलच्या पुरानंतर दरसाल बांध नव्याने आखणाऱ्याला तेवढा चालून गेला असता.