लिलावाचे घड्याळ

आमचा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. मोटारसायकली दुरुस्त करतो. हाताने मोठा कसबी. ओट्यावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, घड्याळानं मला बुडवलं. ऐंशी हजार गेले."

आम्ही विचारले, "अरे, घड्याळ माणसाला कसे बुडवील?"

मग त्याने सारी हकीगत सांगितली. मोबाइलवरच्या लिलावात तो फसला होता. त्याला कुणी फसवले नव्हते. लिलावाचे घड्याळ कसे चालते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याची गोष्ट आपण पुढे ऐकू. आधी ते घड्याळ समजून घेऊ.

माणसांचा लिलाव

पंचायतीच्या चिंचांचा लिलाव आपण पाहिला आहे. माणसे झाडाखाली जमतात. एक जण बोली करतो, दुसरा ती वाढवतो. शेवटी पुकारणारा म्हणतो, "एक वार, दोन वार, तीन वार!" मग लिलाव तुटतो.

हा लिलाव केव्हा संपतो? माणसे बोलायची थांबली म्हणजे. 'दोन वार' म्हटल्यावरही कुणी बोलले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून येथे शेवटच्या क्षणाला किंमत नाही. तुम्ही उशिरा बोललात, तरी दुसऱ्याला उत्तर द्यायला वेळ मिळतोच.

मेणबत्तीचा लिलाव

पण पूर्वी इंग्लंडात निराळी रीत होती. मेणबत्तीचा छोटा तुकडा पेटवीत. ज्योत विझेपर्यंत बोली करायची. विझण्याआधी ज्याची बोली शेवटची, त्याचा माल.

सॅम्युएल पीप्स नावाचा एक अधिकारी तिकडच्या आरमाराच्या कचेरीत होता. त्याने आपल्या रोजनिशीत 1662 साली एक गंमत लिहून ठेवली आहे. जुन्या जहाजांचा असा लिलाव चालला होता. एक मनुष्य मोठा हुशार. शेवटची बोली नेमकी त्याचीच. पीप्सने त्याला कारण विचारले. तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो. धूर उतरला, की मी बोली करतो.

पाहा मंडळी! लिलाव वेळेवर तुटणार असला, की माणूस शेवटच्या क्षणाकडे डोळे लावून बसतो. आज मेणबत्ती गेली आणि घड्याळ आले. माणसाचा स्वभाव तोच राहिला.

ठरल्या वेळेला तुटणारा लिलाव

अमेरिकेत 1995 साली इंटरनेटवर लिलावाची एक पेठ निघाली. तिचे नाव ईबे. विकणारा एका गावी, घेणारे शंभर गावी. म्हणून लिलाव काही दिवस चालू ठेवतात. कुणी तीन दिवस ठेवतो, कुणी सात. वस्तूखाली उलटे घड्याळ चालते. दोन तास राहिले, दहा मिनिटे राहिली, पाच सेकंद राहिले. शून्य आले, की लिलाव तुटला. त्यानंतर एक पैसाही वाढवता येत नाही.

येथे आणखी एक सोय आहे. आपण जास्तीत जास्त किती देऊ, तो आकडा यंत्राला गुपचूप सांगून ठेवायचा. यंत्र तो कुणाला दाखवीत नाही. गरज पडेल तेवढीच बोली ते आपल्या वतीने वाढवते.

उदाहरण घेऊ. डॉलर म्हणजे अमेरिकेचे चलन. एका जुन्या घड्याळाची बोली 60 डॉलरवर आहे. पहिल्याने गुपचूप 90 डॉलर सांगून ठेवले आहेत. दुसरा आला आणि त्याने 70 सांगितले. यंत्र लगेच पहिल्याच्या नावाने 71 करते. 90 करीत नाही. म्हणजे जिंकणाऱ्याला आपला सगळा आकडा द्यावा लागतोच असे नाही. दुसऱ्याच्या आकड्याहून एक पायरी वर, एवढेच.

आता तिसरा येतो. तो पाच दिवस गप्प बसलेला असतो. शेवटचे तीन सेकंद उरले, की तो 100 सांगतो. यंत्र बोली 91 वर नेते, घड्याळ शून्यावर येते, आणि वस्तू तिसऱ्याची होते. पहिला पाहतच राहतो. इंग्रजीत या डावाला 'स्नायपिंग' म्हणतात, म्हणजे लपून नेम धरून मारणे. हे काम करणारी यंत्रेसुद्धा निघाली आहेत.

तो गप्प का बसला? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे माणसाची ईर्षा. आपली बोली मोडली, की पुष्कळ जण हट्टाने वाढवतात. त्यांना वाढवायला वेळच मिळू नये, असा हा डाव असतो. दुसरे कारण म्हणजे जाणकारी. जुन्या नाण्यांच्या जाणकाराने आधीच बोली केली, तर लोक म्हणतील, "हा घेतोय म्हणजे नाणं अस्सल असणार." मग सारेच वाढवतील.

पण या डावाला उतारा आहे. पहिल्याने 90 ऐवजी आपला खरा आकडा, समजा 120 डॉलर, आधीच सांगून ठेवला असता तर? तिसऱ्याचे 100 फुकट गेले असते. यंत्राने पहिल्याच्या वतीने पटकन पुढची पायरी गाठली असती. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही. आणि दोघांचा आकडा सारखाच निघाला, तर ज्याने आधी सांगितला त्याला वस्तू मिळते.

शिवाय शेवटच्या सेकंदात धोकाही आहे. घड्याळ पेठेचे धरतात, आपल्या मोबाइलचे नव्हे. रेंज गेली, बोली पोचायला उशीर झाला, तर सगळे मुसळ केरात.

लांबणारे घड्याळ

अमेझॉन या कंपनीनेही 1999 साली असे लिलाव सुरू केले होते. पुढे ते बंद झाले. तिचा नियम निराळा होता. शेवटच्या दहा मिनिटांत कुणी बोली केली, तर लिलाव आपोआप लांबे. दहा मिनिटे कुणीच बोलले नाही, तरच तो तुटे. म्हणजे आपला 'एक वार, दोन वार'च झाला की!

आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन विद्वानांनी दोन्ही पेठा तपासून पाहिल्या. त्यांचा लेख 2002 साली छापून आला. ईबेवर शेवटच्या क्षणाच्या बोल्या फार, अमेझॉनवर कमी, असे त्यांना आढळले. नियम बदलला, की माणसाची चाल बदलते.

आपल्याकडे बँका जप्त घरे आणि गाळे इंटरनेटवर लिलावात काढतात. तेथे बहुतेक ठिकाणी हे लांबणारे घड्याळ असते. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली, की वेळ पुन्हा वाढतो. किती वाढतो, ते जाहिरातीत लिहिलेले असते.

ऐंशी हजारांची गोष्ट

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. गाळ्याची राखीव किंमत होती 8 लाख. त्याने 80 हजार अनामत भरली. नवराबायकोने बसून ठरवले, 10 लाखांच्या वर जायचे नाही. लिलाव अकरा ते बारा. त्याने ऐकले होते, की शेवटच्या मिनिटाला बोली करावी. बाराला एक मिनिट असताना त्याने 10 लाख केले. त्याला वाटले, जिंकलो!

पण घड्याळ पाच मिनिटे पुढे गेले. दुसऱ्याने 10 हजार वाढवले. पुन्हा पाच मिनिटे. याने वाढवले. पुन्हा पाच. "गुरुजी, दर वेळी वाटायचं, आता एवढीच एक," तो म्हणाला. दीड वाजता लिलाव तुटला, तेव्हा बोली होती 12 लाख 40 हजार, आणि ती याची होती.

या लिलावांचा कायदा कडक आहे. किमतीचा चौथा हिस्सा त्याच दिवशी, फार तर कामाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो. म्हणजे 3 लाख 10 हजार. अनामत वजा जाता 2 लाख 30 हजार. एवढे पैसे घरात नव्हते. मुदत गेली आणि अनामत जप्त झाली.

डाव एका घड्याळाचा आणि लिलाव दुसऱ्या घड्याळाचा. तेथेच तो चुकला. आणि मोठी चूक म्हणजे घरी ठरवलेला आकडा तो विसरला.

ध्यानात ठेवा

1. जाहिरात पूर्ण वाचा. घड्याळ थांबणारे आहे की लांबणारे, ते आधी पाहा.

2. घड्याळ लांबणारे असेल, तर शेवटच्या क्षणाच्या डावाचा उपयोग नाही.

3. जिंकल्यावर किती पैसे, किती दिवसांत भरायचे, ते विचारून घ्या. तेवढी सोय असेल तरच बोली करा.

4. आपला आकडा आदल्या दिवशी शांतपणे ठरवा. तो कागदावर लिहा. बोली करताना कागद घरच्या माणसाच्या हाती द्या. "आता बस," असे म्हणायचा हक्क त्याला द्या.

आमचा विद्यार्थी जाताना म्हणाला, "गुरुजी, पुन्हा लिलावात पडणार नाही." आम्ही म्हणालो, "पड की. पण ठरवलेला आकडा आला, की मोबाइल खाली ठेव. घड्याळ कितीही लांबो, आपला हात आपल्या ताब्यात असतो."