प्रतिनियुक्त अधिकारी आणि त्याची क्रियापदे

कंपनीचा अधिकारी काही आठवडे आदिवासी वस्तीत कामास राहिला, तर त्याच्या वृत्तीत पालट होतो काय? ऑस्ट्रेलियात 2001 पासून केप यॉर्क येथील मूलनिवासी संघटनांकडे कंपन्यांतील माणसे अशी पाठविली गेली. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील 2 टक्के भाग समाजकार्याकडे वळविला. पैसा येतो, माणूस राहावयास क्वचितच येतो. आला, तर त्याची वृत्ती पारखावी कशी? प्रश्नावलीत ‘मी बदललो’ असे लिहिणे सोपे असते. भाषाभ्यासकाने त्याचे बोलणे पाहावे.

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर भाग घेऊ. येथे गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात. नवागत कोलामीस मराठीची अपभ्रष्ट बोली समजतो. वस्तुतः ती द्राविडी कुलातील स्वतंत्र भाषा असून एमेनो यांनी तिचे व्याकरण 1955 मध्येच प्रसिद्ध केले. ही चूक सुधारली म्हणजे माहिती वाढली. वृत्ती पालटलीच असे नव्हे.

वृत्ती क्रियापदांत उमटते. समजा, आरंभीच्या टिपणांत ‘त्यांना समजावले’, ‘त्यांना पटवले’ अशी प्रयोजक रूपे आहेत, आणि पुढे ‘मला समजले’, ‘मला पटले’ अशी रूपे येऊ लागली. ज्या चतुर्थीत पूर्वी वस्ती होती, तीत आता तो स्वतः आला. हा पालट ठरवून करता येत नाही, म्हणूनच तो विश्वसनीय आहे.

सर्वनामांचा पुरावा मात्र जपून घ्यावा. ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ सामावून घेते. इंग्रजी अहवालात हा भेदच लोपतो. तथापि ‘आपण आता रोज हात धुऊ या’ म्हणणारा स्वतः धूतच असतो. हे ‘आपण’ शाळामास्तरचे होय!

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात अनेक गावे नव्या जागी, नगरासारख्या सरळ रस्त्यांवर वसविली गेली आणि भावकीचा जुना शेजार विसकटला. ते गावकरी आदिवासी नव्हते. पण ‘त्यांना घरे दिली’ या वाक्यातील ‘त्यांना’ तेच होते.

कोणी विद्यार्थी हा विषय घेणार असेल, तर त्याने अधिकाऱ्याची पहिल्या व शेवटच्या आठवड्यातील टिपणे मराठीतच मिळवावीत. सहा महिन्यांनी कंपनीच्या बैठकीतील त्याचे बोलणेही नोंदवावे. वस्तीत पालटलेले क्रियापद तेथे पूर्वपदावर येण्याचा संभव अधिक.