अटकेचा माग कसा काढायचा?

कागद सरकारी, काम आपलं : भाग ९

गेल्या आठवड्यात एफआयआरची प्रत कुठून आणि कशी मिळते ते आपण पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. एखाद्याला अटक झाली आहे का, कुठल्या गुन्ह्यात, आणि आत्ता तो कुठे आहे, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

उदाहरणासाठी भिवंडीजवळचं पूर्णा गाव घेऊ. ठाण्याहून जुन्या रस्त्याने कशेळी, काल्हेर मागे टाकलं की पूर्णा येतं. दोन्ही अंगांना गोदामांची कंपाउंडं, बाहेर ट्रक-टेम्पोंची रांग, आणि त्यांच्या आधाराने राहणारे हमाल, ड्रायव्हर, पॅकिंगचे कामगार. त्यांतले बरेचसे परप्रांतातून आलेले, चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारे. समजा, गोदामात माल कमी भरला, मालकाने फिर्याद दिली आणि शनिवारी रात्री पोलिसांनी एका हमालाला उचललं. खोलीतल्या सोबत्याला ठाऊक काय, तर ‘पोलीस घेऊन गेले’ एवढंच. गावाकडून बायकोचे फोनवर फोन येताहेत. या सोबत्याने सुरुवात कुठून करायची?

आधी ठरवायचं, कुठले पोलीस. भिवंडी तालुका महसुलाच्या नकाशावर एक असला, तरी पोलिसांच्या नकाशावर त्याचे दोन तुकडे आहेत. शहर आणि लगतची गावं ठाणे शहर आयुक्तालयाकडे: भिवंडी शहर, निजामपुरा, भोईवाडा, शांतीनगर, नारपोली, कोनगाव ही त्यांची पोलीस ठाणी. पडघा, गणेशपुरी आणि ‘भिवंडी तालुका’ नावाचं ठाणं मात्र ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. पूर्णा नारपोलीच्या हद्दीत येतं. ‘तालुका’ हे नाव वाचून माणूस भलत्याच ठाण्याच्या दारात उभा राहिला, तर तिथल्या रजिस्टरात नाव सापडणार नाही, आणि ‘इथे असा कोणी नाही’ हे उत्तर खरंच असेल. गुन्हे शाखेच्या पथकाने उचललं असेल, तरी गुन्हा कुठल्या ना कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदलेला असतो. शोधायचं ते ठाणं.

तिथे ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी पोचलात की माणसाच्या नावावर अडून बसू नका. तीन गोष्टी मागून घ्या आणि कागदावर उतरवा: गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, लावलेली कलमं, आणि तपास अधिकाऱ्याचं नाव. अटकेची वेळही विचारा, कारण न्यायालयात हजर करण्याचं चोवीस तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं. आपली फौजदारी व्यवस्था नावावर चालत नाही. नावं सारखी असतात, आडनावं चुकीची लिहिली जातात, परप्रांतीय माणसाच्या नावाचं मराठीत येईपर्यंत काहीच्या बाही होतं. गु.र.नं. मात्र अटकेच्या फॉर्मवर, रिमांडच्या अर्जावर, जामीन अर्जावर आणि शेवटी दोषारोपपत्रावर तोच राहतो. पुढचा सगळा माग याच नंबरावर काढायचा आहे.

ही माहिती देणं म्हणजे अंमलदाराची मेहेरबानी नव्हे. या हक्काची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या काहींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि १९८३ च्या निकालात न्यायालयाने महाराष्ट्राला बजावलं की अटक होताच त्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवा, आणि कायदेविषयक मदत देणाऱ्या समितीलाही कळवा. पुढे १९९६ साली डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने अकरा निर्देश दिले. अटकेचा फॉर्म साक्षीदाराच्या सहीने करायचा, आणि अटकेची व कोठडीच्या जागेची माहिती बारा तासांत नियंत्रण कक्षाकडे पोचवून तिथल्या फलकावर लावायची, हे त्यांतलेच. फौजदारी प्रक्रिया संहितेत नियंत्रण कक्षाचं हे बंधन कलम ४१ क म्हणून आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ते आणखी खाली, थेट पोलीस ठाण्यापर्यंत आणलं. कलम ३७ सांगतं: प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमायचा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप त्याने नोंदवून ठेवायचं, आणि ही माहिती ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयी ठळकपणे लावायची, डिजिटल पद्धतीनेसुद्धा.

याला जोडूनच कलम ४८ आहे. अटक झालेला माणूस ज्याचं नाव सांगेल, त्याला अटक आणि कोठडीची जागा ताबडतोब कळवायची, आणि कोणाला कळवलं त्याची ठाण्यातल्या वहीत नोंद करायची. रक्ताचं नातं लागत नाही. मित्र चालतो, म्हणजे खोलीतला सोबतीही चालतो. हे पाळलं की नाही, याची खात्री दंडाधिकाऱ्याने करायची असते. अटकेची कारणंही लेखी द्यावी लागतात. वरळीच्या २०२४ मधल्या अपघातातून निघालेल्या मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की ही कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर उशिरात उशिरा न्यायालयात हजर करण्याच्या दोन तास आधी. जिथे निम्म्या खोल्यांत मराठी बोललीच जात नाही, तिथे या निकालाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता घरबसल्या काय दिसतं ते पाहू. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ असा विभाग आहे. जिल्ह्याच्या जागी ठाणे शहर, मग नारपोली पोलीस ठाणं, तारखा किंवा नंबर टाकला की एफआयआर उघडते. यामागे यूथ बार असोसिएशन खटल्यातला ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे: नोंदल्यापासून चोवीस तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाका, नेटवर्कची अडचण असेल तर जास्तीत जास्त बहात्तर तास. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशा प्रकरणांना यातून सूट आहे. एक लक्षात ठेवा, एफआयआर दिसली म्हणजे अटक झाली असं नाही. तिच्यात आरोपी ‘अज्ञात’ असू शकतो, आणि नाव असूनही अटक झालेली नसू शकते.

दुसरी जागा ई-कोर्ट्स. शनिवारी रात्री अटक झाली तर रविवारी सुट्टीच्या न्यायालयात हजर करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत. पूर्ण्याच्या प्रकरणात ते साधारणपणे भिवंडीचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय. तिथे ‘पीसीआर’ मिळाला तर माणूस पोलीस कोठडीत परततो, ‘एमसीआर’ झाला तर कारागृहात जातो. ई-कोर्ट्सवर जिल्हा ठाणे, न्यायालय भिवंडी निवडून गु.र.नं. टाकता येतो. रिमांडचा कागद तिथे दिसेलच असं नाही. जामीन अर्ज आणि दोषारोपपत्रानंतरचा खटला दिसतो. एकदा खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक हाती लागला, की पुढच्या तारखा शोधायला वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

दोन प्रकार मात्र या जाळ्यातून निसटतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलीस कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडतात. ती अटक नव्हे, म्हणून अटकेच्या यादीत नाव येत नाही. दुसरा प्रकार ‘चॅप्टर केस’चा. गुन्हा घडू नये म्हणून कलम १७० खाली ताब्यात घेतलं, तर गु.र.नं. नसतो. आयुक्तालयाच्या हद्दीत हे प्रकरण सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालतं, ग्रामीणमध्ये तहसीलदारांपुढे. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत माणूस संकेतस्थळावर कुठेच सापडत नसेल, तर आधी इथे विचारा.

अमेरिकेत काउंटीचा शेरीफ तुरुंगात आणलेल्यांची यादी, अनेकदा फोटोसह, खुली करतो. त्यावर धंदाही उभा राहिला: ते फोटो उचलून संकेतस्थळांवर लावायचे आणि काढायचे पैसे मागायचे. कॅलिफोर्नियाला २०१५ पासून त्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. आपल्याकडे चौकटी वेगळ्या आहेत. अठराच्या आतल्या मुलाची ओळख बालन्याय कायद्याने उघड करता येत नाही. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे गोदाममालक किंवा कामगार पुरवणारा ठेकेदार यांनी अटकेच्या याद्या चाळून माणसं पारखण्यात अर्थ नाही. अटकेच्या यादीत पुढे निर्दोष सुटलेलाही असतो, आणि नोटिशीवर सुटलेला त्यात नसतोच. कामावर घेताना पडताळणी हवी असेल, तर त्या माणसालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा. रस्ता तोच.

आणि ठाण्यात ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले, पण माणूस तिथेच नेल्याचं पाहिलेलं असेल तर? ११२ वर फोन करून वेळ आणि ठिकाण सांगा, म्हणजे विचारणा केल्याची नोंद राहील. ठाणे शहर आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात विचारा. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत वकील मागता येतो. अर्ज लेखी द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज एरवी तीस दिवस खातो, पण जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात तसं स्वच्छ लिहा. यातूनही ठावठिकाणा लागला नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका. त्या वेळी तुमच्याकडचे शिक्के आणि वेळांच्या नोंदी हाच पुरावा असतो, म्हणून पहिल्या फेरीपासून त्या जपा.

पुढच्या भागात : जामीन मंजूर झाला, तरी माणूस त्याच दिवशी बाहेर का येत नाही? हमीदार, सॉल्व्हन्सी आणि कारागृहात पोचणारा सुटकेचा आदेश.