पिवळ्या प्रश्नचिन्हाची बाजू

अहिल्यानगरची एमआयडीसी नागापूरला आहे. तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असो, ई-निविदा टाकायची असो की कंपनी खात्याकडे फॉर्म पाठवायचे असोत, डिजिटल सहीचे टोकन लागतेच. कामगाराला ई-आधार लागते आणि आसपासच्या शेतकऱ्याला १५ रुपयांचा डिजिटल सातबारा. या सगळ्या कागदांवर आता शाईची सही नाही. म्हणूनच ई-आधारची पीडीएफ कॉम्प्युटरवर अ‍ॅडोब रीडरमध्ये उघडली आणि सहीच्या चौकटीवर भलेमोठे पिवळे प्रश्नचिन्ह दिसले, की माणूस चरकतो: कागद खोटा निघाला की काय? ई-सेवा केंद्रावरचा मुलगा सवयीने राइट क्लिक करतो, दोन-तीन खिडक्या उघडून ‘ट्रस्ट’वर टिचकी मारतो आणि हिरवी खूण आणून देतो. या व्यवहारात सर्वांत प्रामाणिक ते प्रश्नचिन्हच होते, असे माझे म्हणणे आहे.

त्या चिन्हावर क्लिक केले तर आत दोन वेगवेगळी वाक्ये सापडतात. पहिले सांगते, की सही झाल्यापासून या फाइलमध्ये फेरबदल झालेला नाही. दुसरे सांगते, की सही करणाऱ्याची ओळख तुमच्या विश्वासू यादीत नाही, म्हणून पटवता येत नाही. पहिले उत्तर निव्वळ गणिताचे आहे. सही करणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडीदार उघड किल्ली प्रमाणपत्रात लिहिलेली असते. गुप्त किल्लीने केलेली सही उघड किल्लीने तपासता येते आणि फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी हिशेब चुकतो. दुसरा प्रश्न गणिताने सुटत नाही. ही उघड किल्ली अमक्याचीच, हे कोणी सांगितले? वरच्या संस्थेने. तिचे प्रमाणपत्र कोणी दिले? तिच्याही वरच्या. सातबाऱ्यावरची मालकी तपासताना आपण फेरफार नोंदींमागून नोंदी काढत मागे जातो, तसेच हे आहे. शेवटी एक नोंद अशी येते, की तिच्यामागे काहीच नाही. तीच प्रमाण मानून चालावे लागते. प्रमाणपत्रांच्या साखळीतही सर्वांत वरचे, म्हणजे मूळ प्रमाणपत्र, स्वतःवर स्वतःच सही करते. आपणच आपल्या दाखल्यावर शिक्का मारावा तसला हा प्रकार. त्याला अर्थ येतो तो फक्त यादीमुळे: कॉम्प्युटरच्या किंवा ब्राउझरच्या पोटात मूळ प्रमाणपत्रांची एक यादी आधीच भरलेली असते.

बँकेची साइट उघडताना क्षणभरात हेच घडते. ब्राउझर पत्त्यातले नाव आणि प्रमाणपत्रातले नाव अक्षरशः जुळवतो. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तरी गाव तेच, हे माणसाला कळते; ब्राउझरला ते दोन पत्ते वेगळेच. मग तो मुदत पाहतो, साखळीतली प्रत्येक सही तपासतो, समोरच्याकडे खरोखर गुप्त किल्ली आहे ना याची परीक्षा घेतो, आणि साखळी यादीतल्या एखाद्या नावापाशी पोचली तरच पुढे जातो. गणित सगळीकडे एकच. फरक पडतो तो यादीचा.

भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांवर, एक नियंत्रक नेमला. ‘सीसीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कार्यालयाचे मूळ प्रमाणपत्र सगळ्या सरकारमान्य डिजिटल सह्यांच्या माथ्यावर आहे. कायद्याने ते मानले, पण तुमच्या कॉम्प्युटरवरचे सॉफ्टवेअर कायदा वाचत नाही, ते बनवणाऱ्या कंपनीने भरलेली यादी वाचते. इथे हमखास आक्षेप येतो: आपल्या सरकारच्या सहीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे अमेरिकेतल्या कंपन्यांनी का ठरवावे? आक्षेप पोकळ नाही. याच भावनेतून सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, त्यात सीसीएचे मूळ प्रमाणपत्र असलेली स्वतःची यादी ही अट होती, आणि २०२५ मध्ये झोहो ही कंपनी पहिली आली. पण २०१४ ची गोष्ट या आक्षेपाला आडवी येते. त्या जुलैत गूगलच्या पत्त्यांसाठी काढलेली अनधिकृत प्रमाणपत्रे सापडली, आणि ती निघाली होती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहिती केंद्राच्या (एनआयसी) प्रमाणन यंत्रणेतून, म्हणजे सीसीएच्याच साखळीतून. मायक्रोसॉफ्टच्या यादीत सीसीए होते, म्हणून विंडोजवरचे बहुतेक वापरकर्ते उघडे पडले. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नव्हते, त्यामुळे त्याला धक्का लागला नाही. सीसीएने एनआयसीची ती प्रमाणपत्रे रद्द केली. क्रोमने त्यानंतर सीसीएवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता ठेवला.

हा गोऱ्यांचा आकस म्हणावा, तर २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या प्रमाणन कंपनीचीही गय झाली नव्हती. तिच्या यंत्रणेत घुसून कोणीतरी गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र काढले, ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरले गेले, आणि ब्राउझरांनी यादीतून काढल्यावर त्याच सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. उलट, बंगळुरूच्या ईमुद्रा या प्रमाणन कंपनीने लेखापरीक्षणाच्या पायऱ्या चढून आपली मूळ प्रमाणपत्रे जगातल्या प्रमुख ब्राउझरांच्या यादीत बसवली. तेव्हा अडचण देशाची नाही, चुकल्यावर बाहेर काढण्याची ताकद कोणाकडे आहे याची आहे. स्वदेशी यादी जरूर असावी. पण सरकारी यंत्रणा चुकली तर सरकारलाच ती तिथून हाकलता येईल का, याचे उत्तर आधी हवे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: प्रमाणपत्र खरे असूनही लोक फसतातच, मग हा खटाटोप कशाला? लोक फसतात, कारण ब्राउझरमधली कुलपाची खूण एवढेच सांगते, की पत्त्यातल्या नावाशीच तुम्ही बोलत आहात. ते नाव भामट्याचे असू शकते. प्रमाणपत्र त्यालाही फुकट मिळते. डिजिटल सहीचेही तेच. टोकन आणि पिन दोन्ही सीएच्या ड्रॉवरमध्ये ठेवून मालक निर्धास्त असेल, तर गणित सहीला खरीच म्हणणार. (प्रमाणन प्राधिकरणालाही इंग्रजीत सीए म्हणतात, हा योगायोग बोलका आहे.)

तर केंद्रावरच्या टिचकीकडे परत. ती मारली की तुम्ही यादीत स्वतःच्या हाताने एक नाव घालता, आणि त्या नावाखालचे पुढचे सगळे कागद न विचारता हिरवे होतात. आधार प्राधिकरणाच्या सूचनांतही हे पाऊल आहे, पण त्याआधी साखळीतले नाव एनआयसीचे आहे ना, ते पाहायला सांगितले आहे. ती खिडकी दहा सेकंद उघडी ठेवून नाव वाचा. आणि मूळ पीडीएफ जपून ठेवा: छापलेल्या कागदावर हिरव्या खुणेचे चित्र उतरते, सही फाइलमध्येच राहते.