माणिक नव्हे, तामडा

गतवर्षी नवरात्रात हुपरी येथे कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली आमच्याजवळ आल्या. सासूबाईंकडून आलेला तांबडा खडा देव्हाऱ्यातील अंबाबाईच्या चांदीच्या छत्रात बसवावा, हा त्यांचा संकल्प. घरात तो माणिक म्हणूनच जपलेला. कारागिराने मात्र पाहताच सांगितले, ‘आजी, हा तामडा आहे.’ माउलींचे डोळे भरून आले. ‘देवीला खोटे कसे अर्पावे, बुवा?’ त्यांनी आम्हांस विचारले.

भाविक वाचकहो, ही चूक रंगामुळे होते. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत माणकाच्या छटेस डाळिंबाच्या दाण्याची उपमा आहे. आणि तामड्याचे ‘गार्नेट’ हे पाश्चात्य नावही लॅटिनमधील डाळिंबवाचक शब्दावरूनच आले. उपमान एक, रत्ने दोन! माणकाचे काठिण्य ९, तामड्याचे सुमारे ६.५ ते ७.५. माणकात शिरलेला प्रकाशकिरण दुभंगतो, तामड्यात तो एकच राहतो. परीक्षक यंत्राने हाच भेद पाहतात.

शिवाय तामडा हे एकच रत्न नव्हे, ते एक कुळ आहे. लोहयुक्त अल्मँडाइन जांभळट तांबडा, मॅग्नेशियमयुक्त पायरोप रक्तवर्ण, मँगॅनीजयुक्त स्पेसर्टाइन नारिंगी. कॅल्शियमयुक्त ग्रॉस्युलरचा मधासारखा प्रकार म्हणजेच आपला गोमेद. गाईच्या मेदाच्या वर्णावरून त्यास हे नाव पडले. नवरत्नांत तो राहूचे रत्न मानला जातो. याच ग्रॉस्युलरचा पाचूसारखा हिरवा प्रकार १९६७ साली टांझानियात कॅम्पबेल ब्रिजेस या भूशास्त्रज्ञास आढळला. राजस्थानातील टोंक जिल्ह्याचे राजमहाल तांबड्या तामड्यासाठी प्रसिद्ध आहे.

एकाएकी आच लागल्यास हा खडा तडकतो. म्हणून चांदीचे जोडकाम आधी पुरे करावे आणि खडा मागाहून बसवावा. घरी स्वच्छ करताना कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ कुंचला पुरे.

नवग्रहांच्या पूजेत ज्याच्या कुळातील गोमेदास मान, तो तामडा हलका कसा? आम्ही माउलींना म्हणालो, ‘आई, खडा खरा आहे. नाव तेवढे चुकले होते. ते सुधारा आणि निःशंक मनाने अर्पण करा.’

अष्टमीस खडा छत्रात बसला. छत्राच्या डबीत ठेवण्यासाठी माउलींनी नातवाकडून चिठ्ठी लिहवून घेतली : ‘तामडा. सासूबाईंचा.’