जंगलातील समतोल राखणारी माती

ऊन, पाणी, नत्र, स्फुरद. सगळ्या झाडांच्या गरजा जवळपास सारख्याच. मग सर्वांत जोमाने वाढणारी एकच जात अख्खे जंगल का व्यापत नाही? पनामातील बारो कोलोराडो बेटावर अवघ्या ५० हेक्टरांत सुमारे ३०० जातींची झाडे एकत्र नांदतात. त्यांच्या सहवासाचे एक कारण मुळांभोवतीच्या मातीत दडले आहे.

डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे एक विचार मांडला: झाडाचे खास शत्रू त्याच्या आसपासच साठतात, म्हणून त्याची स्वतःची रोपे तिथे तगत नाहीत आणि ती जागा इतर जातींना मिळते. त्या वेळी लक्ष मुख्यतः बिया-पाने खाणाऱ्या कीटकांकडे होते. २००० मध्ये अलिसा पॅकर आणि कीथ क्ले यांनी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील काळ्या चेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेरीच्या झाडाखालच्या मातीत तिचीच रोपे भराभर मरत. ती माती निर्जंतुक केली की जगत. मारेकरी होता पिथियम, मुळे कुजवणारा बुरशीसदृश सूक्ष्मजीव.

पुढे बारो कोलोराडोवरही दिसले, की रोपे स्वजातीच्या मातीपेक्षा परक्या जातीच्या मातीत चांगली वाढतात. बेलीझच्या जंगलात रॉबर्ट बागची आणि सहकाऱ्यांनी बुरशीनाशक फवारले, तेव्हा रोपांमधली विविधता घटली. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे रोगकारक बुरशीच वरचढ जातींना आवर घालत होती.

हा आवर सुटला की काय होते, हेही चेरीनेच दाखवले. युरोपात नेलेली हीच चेरी तिथल्या जंगलांत बेसुमार पसरली. तिथली माती तिला रोखत नाही, असे प्रयोगांत आढळले. शिवाय मातीत मित्रही असतात. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीमुळे एखादी जात आणखी बळावू शकते. शत्रू आणि मित्र यांच्या या जमाखर्चावर कोण टिकणार, हे बऱ्याच अंशी ठरते.

आपल्या शेतकऱ्याला याची एक बाजू चांगली परिचित आहे. एकाच रानात वर्षानुवर्षे तूर घेतली, की फ्युजेरियम बुरशी मातीत साठते आणि मर रोग वाढतो. ज्वारीचे आंतरपीक किंवा पिकांची फेरपालट हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय. पेरणीचे नियोजन करताना बाजारभावाइतकाच मागच्या पिकाचाही विचार करायला हवा.